वीतभर

येर्को मान्सिया माझ्या वरच्या मजल्यावर राहतो,
सामन माशांच्या कारखान्यात शीतघरं सांभाळतो.
डिसेंबरात जिना उतरून आला, टोपी हातात.
"ड्रिल आहे का, बाई? आणि तुमचं शिलाई मशीन
अजून चालतं ना?"
दानित्सा येणार होती. मुलगी. सांतियागोहून,
आईकडून, शाळा उघडेपर्यंत.
खर्चायला होते तेवीस हजार पेसो,
आणि खोली म्हणजे सायकल, बटाट्यांची पोती, फुटका हीटर.

पुंता अरेनासमध्ये फुकट मिळतं ते दोनच:
वारा, आणि धक्क्यावर टाकून दिलेली लाकडी पॅलेटं.
सहा आणली त्याने खांद्यावरून, वाऱ्यात तिरका चालत.
खिळे उपटले, ठोकून सरळ केले, डब्यात जपले.
फळ्या तासून तासून माशांचा वास काढला,
म्हणजे त्याच्या मते काढला.

रंग दुकानात पडून होता, कुणी नको म्हणून परत केलेला,
अर्ध्या किमतीत. डब्यावर लिहिलं होतं: समुद्र.
भिंतीवर चढला तो वाटाण्याचं सूप होऊन.
मी म्हटलं, वाळला की फिका पडेल.
वाळला, आणि जास्तच सूप झाला.

पत्र्याच्या डब्यांना त्याने खिळ्याने भोकं पाडली,
आत दिवे सोडले.
"छताकडे बघा," म्हणाला, "दक्षिणेचे तारे."
मला तर छताला गोवर आल्यासारखा दिसला.
गप्प बसले.

इथे जानेवारीत रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळतो,
मूल झोपवायचं तर पडदा जाडच हवा.
मी कपाट उघडलं. ओस्वाल्दोचा ओव्हरकोट,
नऊ वर्षं टांगलेला.
कात्री धरून थोडी उभी राहिले.
मग कापला.
एक खिसा उसवायचा राहिला. राहिला म्हणजे
राहू दिला.

पलंगाचं माप घ्यायला मूल घरात नव्हतं.
येर्कोने पट्ट्याच्या बकलापाशी हात आडवा धरला,
"एवढी आहे ती. वर थोडं सैल ठेवू."
अंदाजपंचे दाहोदरसे, आणि करवत चालू.
तेव्हाच विचारायला हवं होतं मी,
ही 'एवढी' कोणत्या सालची.

कारखान्याच्या गाडीतून आली, पाठीवर दप्तर.
दारात त्याला बिलगली तेव्हा तिचं डोकं
त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी लागलं.
खोली पाहिली. रंगाबद्दल काही बोलली नाही.
पडद्यातल्या खिशात हात घालून पाहिला,
आणि विमानाचं तिकीट घडी करून आत ठेवलं.
मग पलंगावर आडवी झाली, आणि पावलं
वीतभर बाहेर आली.

येर्को त्या पावलांकडे बघत राहिला.
बोटांवर काहीतरी मोजत होता,
दोन बोटं मिटली, तिसरं मिटलं,
चौथ्याशी थांबला.
"पपा, मी नेहमी गुडघे दुमडूनच झोपते," ती म्हणाली.
आठ वर्षांची पोर बापाला सांभाळून घेत होती.
मी सुईदोरा शोधायच्या निमित्ताने खाली आले.

रात्री अकराला वरून घरघर.
माझंच ड्रिल, आवाज ओळखते मी.
मुलगी सोफ्यावर झोपलेली, आणि हा पायथ्याशी
फळी जोडत होता, उरलेली शेवटची,
तासायलाही वेळ नव्हता.
तिच्यावर कारखान्याचा शिक्का तसाच:
गोठवलेला माल. ही बाजू वर.

सकाळी दूध घेऊन गेले.
दानित्सा आता पलंगावर, पाठीवर सरळ पसरलेली,
पायांचे अंगठे त्या अक्षरांवर.
पडदा घट्ट ओढलेला, खोलीत माशांचा बारीक वास.
येर्को जमिनीवर बसून
फळीला पुढची भोकं पाडत होता,
येत्या वर्षासाठी, त्याच्या पुढच्यासाठी,
या खेपेला मोजपट्टी लावून.

ड्रिल अजून वरच आहे.